धक्क्यावरची मासळी

वर्ध्याहून नागपुराकडे जाणाऱ्या सडकेवर केळझर नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें टेकडी आहे, टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि सिद्धिविनायकाचें प्रसिद्ध देऊळ आहे. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील लोकांची परंपरागत समजूत आहे. पांडव ब्राह्मणवेषानें जेथें राहिले, बकासुराला जेथून अन्नाचा गाडा आणि एक माणूस पाठवावा लागे, आणि तो गाडा घेऊन गेलेल्या भीमानें जेथें तें अन्न राक्षसाच्या डोळ्यांदेखत स्वतःच फस्त केलें, तें हें स्थळ. एकचक्रेवर हक्क सांगणारीं गांवें हिंदुस्थानांत आणखीहि आहेत. परंतु ज्या गांवाची कुळकथाच मुळीं अन्नाच्या वाहतुकीची आहे, त्या गांवापासून मासळीची हकीकत सुरू करणें अनुचित ठरूं नये.

भीमाच्या त्या गाड्यांत भात होता आणि बरोबर रेडे होते, असें महाभारत सांगतें. मासळीचा उल्लेख नाहीं. आणि असता तरी ती गोड्या पाण्यांतलीच असती. वर्ध्याचें स्टेशन मुंबईपासून आगगाडीच्या वाटेनें सुमारें पावणेपांचशें मैल. या भागांत ओली मासळी म्हणजे तळ्यांची व नद्यांची: मरळ, वाम, रोहू, बारीक झिंगे, आणि ती धरणारे भोई व ढीवर. समुद्राची मासळी येथें पिढ्यान्‌पिढ्या एकाच रूपानें आली, ती वाळून. आठवड्याच्या बाजारांत गोणपाटावर पसरलेला सुका बोंबील आणि सुकट, एवढाच येथें समुद्राचा पुरावा. मुंबईच्या माणसानें ‘ताजी मासळी’ म्हटलें कीं त्याच्या मनांत एक वस्तु येते. वर्ध्याकडील माणसानें तेच शब्द उच्चारले कीं दुसरी. समुद्रापासून तों ताटापर्यंत किती तास लागले, हें ताजेपणाचें खरें मोजमाप; आणि ते तास कोणाच्या डोक्यावरून गेले, हा त्याचा इतिहास.

केळझरचा मुलूख आणि मुंबईचा किनारा यांना घट्ट जोडणारी पहिली वस्तु कापूस होय. वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्या वेळीं अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता, आणि हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारांत आदरानें घेतलें जात होतें. १८६७ मध्यें ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे नागपुरास पोंचली. ज्या कापसाला पूर्वीं बैलांच्या मार्गानें घाट उतरावयास आठवड्यांमागून आठवडे लागत, तो आतां थोड्या दिवसांत मुंबईस येऊं लागला, आणि कुलाब्याच्या कापूस-बाजाराच्या मैदानावर गाठींचे ढीग उभे राहूं लागले.

याच कुलाब्यास १८७५ मध्यें आल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून या बगदादी यहुदी घराण्यांतील व्यापाऱ्यानें समुद्र मागें हटवून एक गोदी बांधली. भरतीचें पाणी आंत कोंडून ठेवून जहाज ओहोटींतहि तरंगतें राहील, अशी पश्चिम हिंदुस्थानांतील ही पहिली गोदी. ससूनचा विचार अर्थातच मासळीचा नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढें कापसाच्या गाठी होत्या. परंतु १८७९ मध्यें ही गोदी सरकारनें विकत घेतली, १८८० मध्यें प्रिन्सेस गोदी उघडली, मोठीं जहाजें तिकडे वळलीं, आणि १९२० नंतरच्या दशकांत कापसाचा बाजारहि कुलाबा सोडून शिवडीस गेला. ससून गोदी उरली ती मासळीसाठीं. व्यापाऱ्यानें कापसासाठीं बांधावी आणि कोळ्यांच्या मचव्यांनीं ती भरून जावी, यांत एक प्रकारचा न्यायच म्हणावा लागेल. कारण कुलाबा हें नांवच कोळ्यांवरून पडलें असें बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मुंबईला जिचें नांव मिळालें ती मुंबादेवीहि कोळ्यांचीच.

पोर्तुगिजांना हीं बेटें १५३४ मध्यें मिळालीं, इंग्लंडच्या राजाला १६६१ च्या विवाहकरारानें मिळालीं आणि १६६८ मध्यें त्यानें तीं कंपनीस दिलीं. या सर्व देवघेवीच्या आधींपासून माझगांव, वरळी, माहीम, वेसावें येथील कोळीवाडे भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालत होते. त्यांचें मुख्य साधन डोल. हें एक लांबलचक पिशवीसारखें जाळें. समुद्रांत रोवलेल्या खुंटांना तें बांधावयाचें, तोंड प्रवाहाकडे ठेवावयाचें आणि बाकीचें काम पाण्यावर सोंपवावयाचें. पाणी वाहतें तोंवर मासळी आंत जाते. पाणी स्तब्ध झालें कीं जाळें उपसावयाचें. उधाणाला मासळी पुष्कळ, भांगेला कमी. म्हणजे धक्क्यावर मासळी केव्हां येणार हें चंद्रावर ठरे. शहराच्या जेवणाच्या वेळा त्यानें विचारांत घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

डोलींत सांपडणाऱ्या माशांत बोंबलाचा मान पहिला. हा मासा इतका मऊ आणि पाणीदार कीं, समुद्राबाहेर कांहीं तास गेले तर त्याचें रूप उतरतें. म्हणून त्याला दोनच गती. ज्या दिवशीं निघाला त्याच दिवशीं त्याला पाट्याखालीं दाबून, पाणी काढून, तांदुळाच्या पिठांत घोळवून तव्यावर टाकावा; नाहीं तर किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांना दोऱ्या ताणून, दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून, उन्हावाऱ्यांत टांगावा. मीठहि लागत नाहीं. पहिला बोंबील मुंबईच्या वेशीबाहेर जाऊं शकत नसे. दुसरा घाट चढून देशभर हिंडला आणि केळझरच्या बाजारापर्यंत पोंचला. एकाच माशाच्या या दोन जन्मांत जेवढें अंतर आहे, तेवढेंच किनाऱ्यावरच्या आणि विदर्भांतल्या खाणाराच्या अनुभवांत.

या सुक्या बोंबलाला इंग्रज ‘बाँबे डक’ म्हणत. आगगाडीच्या टपालडब्यांत, म्हणजे ‘डाकेंत’, त्याचा वास भरून राही म्हणून हें नांव पडलें, अशी एक लाडकी उपपत्ति अजून सांगितली जाते. मुंबईची पहिली आगगाडी १८५३ मध्यें ठाण्यास गेली आणि हें नांव तत्पूर्वींच इंग्रजी पुस्तकांत आलेलें होतें; तेव्हां ती उपपत्ति सोडून द्यावी हेंच बरें. वासाची तक्रार मात्र जुनी खरी. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथें आलेल्या इंग्रजांनीं मुंबईच्या रोगट हवेचें खापर नारळाच्या झाडांना खत म्हणून घातल्या जाणाऱ्या बारीक मासळीवर फोडलें होतें. त्या काळीं साथीच्या मुळाशीं दुर्गंधि असते असाच वैद्यकाचा समज होता.

हाच समज पुढें मंडयांच्या सुधारणेस कारण झाला. १८६५ मध्यें आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि शहराच्या बाजारांना शिस्त लावण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. १८६९ मध्यें त्यांच्या नांवाची मंडई उभी राहिली. आज तिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. तिच्या दर्शनी भिंतीवरचीं शिल्पें लॉकवुड किप्लिंग यांच्या देखरेखीखालचीं. फळें, भाज्या, मटण, मासळी यांना निरनिराळ्या जागा मिळाल्या. मग कायदा आला. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याच्या ४१० व्या कलमानें असें ठरविलें कीं, मंडईबाहेर परवान्याशिवाय कोणीं मांस अगर मासळी विकूं नये. पण त्याच कलमाच्या पोटांत एक अपवाद आहे, आणि तो या सबंध हकीकतींत सर्वांत मोलाचा आहे. समुद्रांत पकडून सरळ किनाऱ्यास आणलेली ताजी मासळी त्याच होडींतून विकली जात असेल, तर हा निर्बंध तिला लागू नाहीं. कायदा करणारांनीं ताजेपणाची याहून नेमकी व्याख्या कोठेंच केलेली नाहीं: होडी, किनारा आणि मधें कोणी नाहीं.

प्रत्यक्षांत मधें एक माणूस असेच, आणि तें म्हणजे कोळीण. समुद्र पुरुषाचा, धक्का स्त्रीचा, ही कोळ्यांची जुनी वांटणी. होडी काठाला लागली कीं मासळीवरची सत्ता पुरुषाच्या हातून सुटे. पहांटे लिलाव चाले, पाटी भरे, मोठी मासळी नगावर आणि बारीक मासळी वाट्यावर विकली जाई, आणि पैसा कोळणीच्या पदराला बांधला जाई. मंडईच्या ओट्यावर बसणारी कोळीण वेगळी आणि गिरगांव-ठाकुरद्वाराच्या चाळींचे जिने चढणारी वेगळी. सारस्वत, पाठारे प्रभु, चांद्रसेनीय कायस्थ प्रभु या घरांत आपापली ठरलेली कोळीण असे. कोणत्या घरीं संकष्टी पाळतात, कोणाकडे गुरुवार आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हें सारें तिला ठाऊक. श्रावणांत तिची फेरी बंद पडे. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होऊन होड्या पुन्हा निघत. घासाघीस कडाक्याची होई आणि तिला दोन्ही बाजूंची मान्यता असे. न घासतां घेणाऱ्या गृहिणीबद्दल कोळणीलाहि फारसा आदर वाटत नसे.

ताजी मासळी धक्क्यावरच बसून खाण्याची रीत जगांतील कांहीं बंदरांत आहे. टोकियोचा त्सुकिजी बाजार १९३५ मध्यें उघडला. २०१८ मध्यें त्याचा घाऊक भाग तोयोसूस गेला, तरी भोंवतालच्या लहान खाणावळींत सकाळींच मासळीचें जेवण जेवणारांची गर्दी हटली नाहीं. मुंबईंत ही रीत पांढरपेशांत कधींच रुजली नाहीं. येथें मासळी धक्क्यावरून घरीं जावयाची, घरच्या मसाल्यांत शिजावयाची आणि घरच्या पाटावर खाल्ली जावयाची. याचें एक कारण सोंवळें, दुसरें मसाला. पाठारे प्रभूंची आणि सारस्वतांची कोळंबी एक नव्हे, आणि दोघांनाहि दुसऱ्याची पसंत पडेलच असें नाहीं. धक्क्यावर प्रत्यक्ष जेवत ते खलाशी. होडीवरच्या चुलीवर भाताचें आधण ठेवावयाचें आणि जाळ्यांतून निघालेला, बाजारांत किंमत न येणारा मासा तिखटमिठाच्या पाण्यांत सोडावयाचा, हें त्यांचें कालवण. शहरांतील सर्वांत ताजी मासळी अशा रीतीनें सर्वांत कमी पैसे मिळविणाराच्या वाट्यास येई. गिरणगांवांत १८५६ पासून गिरण्या चालूं लागल्या, रत्नागिरीकडील गडी एकटे येऊन राहूं लागले, आणि त्यांच्यासाठीं बायकांनीं चालविलेल्या खाणावळी निघाल्या. तेथेंहि बांगडा, मांदेली, बोंबील हींच नांवें, पापलेट क्वचित्‌. आज ज्याला मोठ्या कौतुकानें ‘मालवणी जेवण’ म्हणतात, त्याची मुंबईंतली ओळख बव्हंशीं या खाणावळींतून पसरली.

कुलाब्याप्रमाणेंच भाऊच्या धक्क्याचें नांवहि मासळीशीं कायमचें जडलें आहे. हा धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ऊर्फ भाऊ, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले गृहस्थ. मूळचा धक्का पुढच्या भरावांत गडप झाला आणि नांव तेवढें नव्या जागेवर गेलें. कोकणच्या बोटी येथून सुटत. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ ही आगबोट येथूनच रेवसकडे निघाली आणि वादळी लाटांत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळीं रेवसच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईस येत होते. त्यांनीं ती मासळी समुद्रांत फेकून दिली आणि रिकाम्या झालेल्या होड्यांत, हातीं लागतील तितकीं माणसें ओढून घेतलीं. मासळी ताजी पोंचविण्यासाठीं ज्यांची प्रत्येक घटका मोजलेली असे, त्यांनीं त्या दिवशीं पाट्या उलट्या करतांना किती क्षण विचार केला असेल, याची नोंद कोणत्याच दफ्तरांत सांपडावयाची नाहीं. आगबोटीची खबर शहराला पोंचण्याआधीं काय करावयाचें तें करून झालें होतें.

ताजेपणाचा अर्थ खऱ्या अर्थानें पालटला तो बर्फानें. १८३३ मध्यें ‘टस्कनी’ हें जहाज बोस्टनहून सुमारें १८० टन नैसर्गिक बर्फ भरून निघालें आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें. वाटेंत बराच वितळूनहि शंभराच्या आसपास टन शिल्लक होता. मुंबईसहि लवकरच अमेरिकन बर्फ येऊं लागला. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, यजमान-पाहुण्यांना पडसें झालें आणि वर्तमानपत्रानें ‘बरें झालें’ असा शेरा मारला, अशी गोष्ट सांगतात. हा बर्फ सरबतासाठीं होता. मासळीवर घालण्याइतका स्वस्त तो नव्हता. कारखान्यांत बर्फ होऊं लागल्यावर आणि स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रें बसल्यावर मात्र चित्र झपाट्यानें बदललें. पूर्वीं होडी भरतीबरोबर जाऊन भरतीबरोबर परत येई. यांत्रिक ट्रॉलर पोटांत बर्फ भरून दहा दहा दिवस समुद्रावर राहूं लागले. ससून गोदींत आज पहांटे उतरणारें पापलेट काल रात्रीं धरलेलें असेल किंवा गेल्या आठवड्यांतलें. दोहोंस ‘ताजें’ असेंच म्हणतात, आणि डोळा व कल्ला पाहून फरक ओळखणारी गृहिणी दर पिढींत विरळ होत चालली आहे.

बर्फानें मासळीला लांबचे पाय दिले, आणि लांबचा माल सांभाळावयास भांडवल लागतें. बर्फाची गाडी, शीतगृह, आगाऊ उचल, हें पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या आवांक्यांतलें नाहीं. मोठी कोळंबी गोदीजवळच्या शेडांत सोलून परदेशीं रवाना होऊं लागली. सोलणाऱ्या बायकांना मजुरी मिळते, भाव ठरविण्याचा अधिकार मिळत नाहीं. २०२१ मध्यें क्रॉफर्ड मार्केटजवळील छत्रपति शिवाजी महाराज मंडईची इमारत धोकादायक ठरली आणि घाऊक विक्रेत्यांना ऐरोलीस हलविण्याची गोष्ट निघाली, तेव्हां कोळी स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांचें म्हणणें भावनेचें नव्हतें, हिशेबाचें होतें. गोदीपासून मंडई जवळ आहे तोंवर पहांटेचा लिलाव संपवून सकाळच्या गिऱ्हाइकाला गांठतां येतें. ऐरोली म्हणजे मधें टेम्पो, टेम्पो म्हणजे भाडें, आणि भाडें म्हणजे व्यापारी. तासांचा हिशेब त्यांनीं आयुष्यभर केलेला होता.

तिकडे माहीमच्या कोळीवाड्यांत २०२३ मध्यें समुद्राकांठींच कोळी महिलांच्या बचतगटांनीं मासळीच्या जेवणाचीं दुकानें मांडलीं. दीडशें वर्षें जी मासळी घरोघर पोंचवावी लागली, ती खावयास आतां शहरच किनाऱ्यावर येऊन बसूं लागलें. तळलेला बोंबील, तिसऱ्यांचें सुकें, खेकड्याचें कालवण आणि तांदुळाची भाकरी. मसाला कोळणीचा, आणि गल्लाहि तिच्याच पुढ्यांत. धक्क्यावर बसून खाण्याची जी रीत मुंबईनें उचलली नव्हती, ती अशी उशिरा आली, आणि सोंवळ्याच्या जुन्या अडचणीचें तेथें कोणास स्मरणहि झालेलें दिसत नाहीं.

त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलें. असा मान सहसा संकटांतील प्राण्यास मिळतो, आणि येथेंहि कारण तेंच आहे. दरसाल १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते ती मासळीला विणीसाठीं उसंत मिळावी म्हणून. तरीहि बारीक आंसाच्या जाळ्यांतून पापलेटचीं पिलें निघतच राहिलीं. १३५ मिलिमीटरहून लहान पापलेट धरूं नये असा शास्त्रज्ञांचा दंडक आहे. धरणाऱ्याला दोष देणें सोपें आहे. पण एका ताटलींत अख्खें मावेल एवढेंच पापलेट हवें, हा हट्ट कोळीवाड्यांत उपजलेला नाहीं. तो जेवणाऱ्यांचा आहे, आणि उपाहारगृहांनीं तो पुरविला.

नागपुरास आतां समुद्राची मासळी बर्फानें भरलेल्या पेट्यांतून उतरते. सुरमई असते, पापलेट असतें, हलवा असतो. तेथून केळझर सडकेनें तीस-बत्तीस मैल, आणि तेवढ्या वेळांत पेटींतला बर्फ कांहीं वितळत नाहीं. ओला बोंबील मात्र त्या पेटींत सहसा नसतो. तो अजून वेसाव्याच्या किनाऱ्यावर दोरीला लटकतो, वाळतो, गोणींत भरला जातो आणि आठवड्याच्या बाजारीं गोणपाटावर येऊन बसतो.